सतरा प्रश्न आणि एक वर्ष

लग्नाचा मुहूर्त साधायला पूर्वी पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिकापात्र सोडत. तांब्याची छोटी वाटी आणि तिच्या तळाला बारीक भोक. वाटी तरंगते, भोकातून पाणी हळूहळू आत येतं आणि २४ मिनिटांनी ती बुडते. घटका भरली! हा वाक्प्रचार आजही आपल्या तोंडी आहे. पण ती वाटी नेमकी २४ मिनिटांनीच का बुडते, हे आपल्या शाळेत कुणी विचारत नाही.

२०२० साली हाच प्रश्न जगभरच्या शाळकरी मुलांपुढे ठेवला गेला. तिथे वाटीचं नाव होतं ‘सॅक्सन बोल’, कारण जुन्या इंग्लंडमधले सॅक्सन लोकही अशीच वाटी वापरत. प्रश्न दोन-तीन ओळींचा होता: वाटी बुडायला लागणारा वेळ कशाकशावर अवलंबून असतो, ते शोधून काढा. सूत्र दिलेलं नव्हतं, आकृती नव्हती, पर्याय नव्हते आणि मागच्या पानावर उत्तरही नव्हतं. हाताशी होतं ते एक वर्ष.

हा प्रश्न ‘इंटरनॅशनल यंग फिजिसिस्ट्स टूर्नामेंट’ या स्पर्धेतला. तिला आयवायपीटी म्हणतात. ही स्पर्धा दरवर्षी १७ प्रश्न जाहीर करते. त्या प्रश्नांचा हा आढावा आहे. स्पर्धेत कोण जिंकलं यापेक्षा हे प्रश्न कसे घडवलेले असतात आणि ते सोडवताना मुलांच्या हाती काय लागतं, हे मला अधिक मोलाचं वाटतं.

स्पर्धेची रीत

स्पर्धेचा जन्म मॉस्कोतला. १९७९ साली मॉस्को विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात येव्गेनी युनोसोव्ह यांनी शाळकरी मुलांसाठी ती सुरू केली. १९८८ पासून ती आंतरराष्ट्रीय झाली. पहिली काही वर्षं ती तिथेच भरत राहिली. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला गेली आणि मग फिरती झाली: ब्रिस्बेन, सोल, तेहरान, तैपेई, सिंगापूर, बीजिंग, वॉर्सा. २०२३ साली ती पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी भरली. २०२० मध्ये महासाथीमुळे ती होऊ शकली नाही, पण त्या वर्षीचे प्रश्न राहिले. ते आजही तितकेच ताजे आहेत.

एका देशाचा संघ पाच विद्यार्थ्यांचा. प्रश्न जवळजवळ वर्षभर आधी जाहीर होतात. मुलांनी प्रयोग उभे करायचे, मोजमापं घ्यायची, सिद्धान्त मांडायचा, दोन्ही जुळतात का ते पाहायचं आणि मग स्पर्धेच्या व्यासपीठावर इंग्रजीत त्याचा बचाव करायचा. या सामन्याला ‘फिजिक्स फाइट’ म्हणतात. एका फेरीत तीन संघ समोरासमोर येतात. पहिला आपलं काम मांडतो, दुसरा प्रतिपक्ष होतो आणि तिसरा समीक्षक. मग भूमिका बदलतात. मांडणीला १२ मिनिटं मिळतात. कोणता प्रश्न मांडायचा, हे मांडणारा ठरवत नाही; त्याचं आव्हान प्रतिपक्ष देतो. नकार देता येतो, पण ठरावीक वेळाच. त्यापुढे प्रत्येक नकाराला गुणांची किंमत मोजावी लागते. परीक्षक १ ते १० गुण देतात. मांडणीच्या गुणांना तीनपट, प्रतिपक्षाच्या गुणांना दुप्पट आणि समीक्षकाच्या गुणांना एकपट वजन, अशी ही रीत रुळली आहे.

शाळकरी भौतिकशास्त्राची अधिक परिचित स्पर्धा म्हणजे ऑलिंपियाड. ती १९६७ पासून चालू आहे आणि २०१५ साली मुंबईत झाली, तेव्हा मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तिचं यजमानपद भूषवलं. ऑलिंपियाडमध्ये विद्यार्थी एकटा बसतो, पाच तास सैद्धान्तिक आणि पाच तास प्रायोगिक परीक्षा देतो, आणि प्रश्न काढणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. आयवायपीटीत विद्यार्थी एकटा नसतो, घड्याळ तासांचं नसतं, आणि बऱ्याच वेळा पूर्ण उत्तर कुणाकडेच नसतं. ऑलिंपियाड कुशाग्र बुद्धीची पारख करते. इथे कस लागतो तो चिकाटीचा.

एका वाटीत किती भौतिकशास्त्र

या प्रश्नांची खोली समजायला वाटीकडेच परत जाऊ.

सोपं जावं म्हणून वाटी डब्यासारखी सरळ भिंतींची धरू. ती तरंगत असते तेव्हा बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या पाण्यापेक्षा वर असते. हा फरक किती, हे वाटीचं वजन ठरवतं. भोकातून पाणी येत राहतं, वाटी खाली जात राहते, पण फरक तेवढाच राहतो. पाणी या फरकाच्याच दाबाने आत येतं, म्हणून आत येण्याचा वेगही पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. घड्याळाला हवा असतो तसाच.

आता आकडे घालू. वाटीचा व्यास १० सेंटीमीटर, उंची १० सेंटीमीटर, वजन २०० ग्रॅम. पातळ्यांमधला फरक येतो सुमारे अडीच सेंटीमीटर. बुडण्याआधी आत यायला हवं सुमारे ५८५ घन सेंटीमीटर पाणी. धारदार कडांच्या भोकातून जाताना पाण्याची धार आक्रसते, म्हणून प्रवाह आदर्श हिशोबाच्या साधारण ६० टक्केच मिळतो. हे सगळं धरलं, तर २४ मिनिटांसाठी भोक हवं १.१ मिलिमीटर व्यासाचं. आणि ते एक दशांश मिलिमीटरने मोठं पडलं तर? वाटी सुमारे २० मिनिटांत बुडते. मुहूर्त चार मिनिटांनी चुकला.

इथे तांबटाच्या हाताचं मोल कळतं. आणि भास्कराचार्यांच्या एका सूचनेचंही. ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा त्यांचा ग्रंथ इ. स. ११५० चा. घटिकापात्राची अगदी काटेकोर मापं सांगणारी परंपरा त्यांच्या आधीपासून होती: तांबं इतक्या पलांचं, भोक पाडायची सोन्याची सुई इतक्या लांबीची. भास्कराचार्यांनी वेगळी वाट सुचवली. वाटी करा, एका अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा. तुमच्या वाटीची वेळ तुम्हाला मिळेल. भोकाचं माप अचूक करणं अवघड असेल, तर उपकरण आहे तसं घ्या आणि त्याचं अंशांकन करा. प्रायोगिक विज्ञानाचा हा पहिला धडा आपल्याकडे साडेआठ शतकांपूर्वी लिहिला गेला आहे.

स्पर्धेतला विद्यार्थी इथे थांबत नाही, कारण त्याच्या खऱ्या अडचणी इथून सुरू होतात. वाटी अर्धगोल असेल, तर पातळ्यांमधला फरक वाटी बुडता बुडता बदलत जातो. पाणी १५ अंशांवरून ३५ अंशांवर नेलं की त्याचा चिकटपणा एक तृतीयांशाहून अधिक घटतो आणि एवढ्या बारीक भोकात त्याचा परिणाम मोजता येतो. जड पाण्याचे क्षार साचून भोक महिन्याभरात अरुंद होतं. शेवटच्या क्षणी काठावर पाण्याचा पृष्ठताण वाटीला धरून ठेवतो. यातला कोणता परिणाम मोठा आणि कोणता सोडून देण्याजोगा, हे ठरवायचं आणि ते आकड्यांनी सिद्ध करायचं. वर्ष इथे खर्ची पडतं आणि ते सार्थकी लागतं.

प्रश्नांची घराणी

गेल्या काही वर्षांच्या याद्या समोर ठेवल्या, तर प्रश्नांची काही घराणी दिसू लागतात.

सर्वांत मोठं घराणं पाण्याचं. २०१९ च्या यादीत एक प्रश्न होता: बाटलीत वरून पाण्याची धार सोडली की आवाज येतो आणि बाटली भरत जाते तसा तो बदलतो. का? नळावर हंडा लावून स्वयंपाकघरात जाणारी आणि कानाने ऐकून बरोबर वेळेवर परतणारी प्रत्येक बाई हा प्रश्न रोज सोडवते. हंड्यातली उरलेली हवा कंप पावते. ती जितकी कमी, तितका सूर वर. सरळ नळीत ४० सेंटीमीटरचा हवेचा स्तंभ सुमारे २१५ हर्ट्झचा सूर देतो आणि १० सेंटीमीटरचा सुमारे ८६० हर्ट्झचा, म्हणजे दोन सप्तकं वर. हंडा सरळ नळी नसतो. पोट मोठं आणि गळा अरुंद असल्याने त्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. पण सूर भरत आल्यावरच झपाट्याने का चढतो, हे दोन्ही हिशोब सांगतात. आता जलतरंग आठवा. तिथे भांड्यात पाणी वाढवलं की सूर खाली उतरतो. हंड्यात चढतो, जलतरंगात उतरतो. एकीकडे हवा वाजते, दुसरीकडे भांडंच वाजतं आणि पाणी त्याच्यावरचं ओझं होतं. एवढा एक विरोधाभास नववीच्या वर्गापुढे ठेवला, तरी ध्वनीचा धडा मुलांच्या कायमचा लक्षात राहील.

दुसरं घराणं दाणेदार पदार्थांचं. २०१८ मध्ये विचारलं होतं: कोरडे दाणे ओतले की शंकूच्या आकाराची रास होते, तिचा जमिनीशी होणारा कोन कशाने ठरतो? खळ्यावर ज्वारीची रास पाहिलेल्या माणसाला या प्रश्नाची ओळख करून द्यायला नको. मोहरीची रास पसरट होते, तांदळाची त्याहून उभी राहते. कोरड्या वाळूचा कोन साधारण ३० ते ३५ अंशांचा. पण दाणे किती उंचीवरून ओतले, खालची जमीन गुळगुळीत की खडबडीत, रास केवढी मोठी, यांनी कोन बदलतो. रास हळूहळू तिरपी करत नेली, तर घसरण सुरू होण्याचा कोन आणि घसरण थांबल्यावरचा कोन वेगळे निघतात. घन आणि द्रव या दोन्ही वर्गांत नीट न बसणाऱ्या या पदार्थांचं गणित भौतिकशास्त्राला अजून पुरतं उलगडलेलं नाही. म्हणून मूठभर मोहरी हे उघड्या प्रश्नाचं साहित्य होऊ शकतं.

तिसरं घराणं रंग आणि प्रकाशाचं. २०१५ चा एक प्रश्न: कापड ओलं झालं की गडद का दिसतं? पावसात भिजलेल्या सदऱ्याकडे बघून प्रत्येकाला हे दिसलेलं असतं. कोरड्या कापडात धागे आणि हवा यांच्यातला फरक मोठा असतो, म्हणून प्रकाश विखरून बराचसा परत येतो. पाणी धाग्यांच्या मधल्या जागा भरतं. पाण्याचा अपवर्तनांक धाग्यांच्या अधिक जवळचा, म्हणून प्रकाश कमी विखुरतो, आत खोल जातो आणि तिथेच शोषला जातो. २०१८ चा प्रश्न याचीच दुसरी बाजू दाखवतो: रंगीत पदार्थ कुटला की पुडीचा रंग का बदलतो? द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणतात. खडे गर्द निळे असतात, कुटल्यावर फिकी पूड होते. कण जितके बारीक, तितके प्रकाश परतवणारे पृष्ठभाग जास्त आणि शोषला जायला मिळणारा मार्ग कमी. किती कुटलं की किती फिकं, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही मोजता येतं.

चौथं घराणं उष्णतेचं. त्यातला २०१४ चा प्रश्न आपल्याला फार जवळचा आहे: एका मातीच्या मडक्यात दुसरं ठेवायचं, मधे ओली वाळू भरायची आणि आतला माल थंड राखायचा. आपल्या माठाचंच हे तत्त्व. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते; ३० अंशांच्या आसपास एक किलो पाण्यामागे सुमारे २,४०० किलोज्यूल. पण थंडाव्याला एक मर्यादा असते आणि ती ठरते हवेच्या दमटपणावर. विदर्भातल्या मे महिन्याच्या ४२ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी माठातलं पाणी तत्त्वतः सुमारे २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. कोकणात ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर ते २९ अंशांच्या खाली जाणार नाही. नागपूरच्या माठाला आणि रत्नागिरीच्या माठाला एकच भौतिकशास्त्र लागू आहे, फळ मात्र वेगळं मिळतं. दोन शाळांनी मिळून हा प्रयोग केला, तर एका शाळेला कधी मिळणार नाही असं उत्तर दोघींना मिळेल.

पाचवं घराणं मोडण्याचं, घसरण्याचं, डगमगण्याचं. २०११ चा प्रश्न: कडक जमिनीवर पडणारी कोरड्या स्पॅगेटीची काडी कधी मोडत नाही? त्याच्याच शेजारचं जुनं कोडं: ती काडी दोन्ही टोकांना धरून वाकवली की तिचे दोनऐवजी तीन किंवा अधिक तुकडे का होतात? या कोड्याने रिचर्ड फाइनमन यांनाही चकवलं होतं. २००५ मध्ये ऑडोली आणि न्यूकिर्श या फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की पहिला तुकडा पडताच काडीतून वाकणारी लाट धावते आणि ती पुढचे तुकडे पाडते. २०१६ चा प्रश्न: दोन पुस्तकांची पानं एकमेकांत आलटून पालटून घातली की ती ओढून वेगळी का करता येत नाहीत? हा प्रयोग दोन जुन्या वह्यांवर होतो आणि खर्च शून्य. त्याच वर्षी दोन चाकांच्या प्रवासी बॅगेवरही प्रश्न होता: वेगाने ओढली की ती डावी-उजवीकडे हेलकावे घेत शेवटी का उलटते?

शेवटचं घराणं उपकरणं करण्याचं. यादीतला पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, ‘स्वतः शोधा’. २०१३ मध्ये ए-फोर आकाराच्या एकाच कागदाचा, २८० मिलिमीटरची फट ओलांडणारा पूल करायचा होता. २०१७ मध्ये अडीच मीटर उंचीवरून पडणारं कच्चं अंडं शाबूत ठेवणारं, शक्य तितकं लहान उपकरण. २०१८ मध्ये साधा भूकंपमापक. इथे गुण मिळतात ते उपकरण का चालतं हे सांगण्याला. नुसतं चालून भागत नाही.

या सगळ्या घराण्यांत एक गोष्ट समान आहे. प्रश्न दिसायला लहान, हाताशी असलेला, मोजता येणारा, आणि तळाशी अजून मोकळा. प्रश्न काढणारी मंडळी मुलांना प्रयोगशाळेच्या दारापासून नव्हे, घराच्या उंबऱ्यापासून आत नेतात.

मुलांनी पुढे नेलेली वाट

असे प्रश्न खऱ्या संशोधनाला कुठे भिडतात, याचे दाखले आहेत.

२०१२ च्या यादीत मण्यांच्या माळेचा प्रश्न होता. भांड्यातली लांब माळ काठावरून खाली ओढून सोडली की तिचा वेग वाढत जातो आणि ती काठ सोडून वर हवेत कमान करते. २०१४ मध्ये केंब्रिजच्या जॉन बिगिन्स आणि मार्क वॉर्नर यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं स्पष्टीकरण मांडलं. माळेचे दुवे उचलले जाताना एखाद्या दांडीसारखे फिरतात, तेव्हा भांडं त्यांना उलट ढकलतं आणि त्या धक्क्याने कमान उठते. म्हणजे शाळकरी मुलं ज्या प्रश्नाशी झटत होती, त्याचं उत्तर तेव्हा तज्ज्ञही शोधत होते.

२०१६ चा एक प्रश्न होता ‘विजेचं पोळं’. धातूच्या पत्र्यावर तेलाचा थर, त्यावर उभी सुई, सुईत हजारो व्होल्टचा दाब. तेलाच्या पृष्ठभागावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं उमटतात. लाहोरच्या एका विद्यार्थ्याने स्पर्धेसाठी यावर काम केलं आणि स्पर्धा संपल्यावरही ते सोडलं नाही. तेलाच्या पृष्ठभागाच्या तापमानाची छायाचित्रं घेऊन त्याने आधीच्या माहितीत भर घातली आणि २०१७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याचा शोधनिबंध ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास दक्षिण कोरियातल्या एका विद्यार्थ्याने शाळेत असताना चालताना कप हिंदकळून कॉफी का सांडते यावर निबंध लिहिला आणि २०१७ चा इग नोबेल मिळवला. कॉफीच्या कपाचा हा विषय २०१५ च्या आयवायपीटीच्या यादीतही होता.

असे निबंध अपवाद असतात, आणि ते अपवाद राहिले तरी हरकत नाही. शाळेतल्या मुलाचा प्रश्न आणि संशोधकाचा प्रश्न एकाच जातीचे असू शकतात, एवढं त्यांनी दाखवून दिलं. बाकीच्या हजारो मुलांनी निबंध लिहिला नाही. त्यांनी न जुळणाऱ्या आकड्यांपुढे महिनोन् महिने बसण्याची सवय कमावली.

प्रतिपक्ष

प्रयोग ही या स्पर्धेची अर्धी बाजू झाली. उरलेली बाजू वादाची, आणि माझ्या मते तिचं महत्त्व मुळीच कमी नाही.

प्रतिपक्षाने स्वतःचं उत्तर मांडायचं नसतं. समोरच्याने जे मांडलं, त्यातलं बळकट काय आणि ठिसूळ काय, हे काढून दाखवायचं. आलेखावर त्रुटीच्या रेषा का नाहीत? सिद्धान्तातला हा गुणांक कुठून आणला, मोजला की हवा तसा बसवला? एवढ्याच टप्प्यात मोजमाप का घेतलं? नंतर समीक्षक दोघांच्याही वादाची पारख करतो. मांडणारा चुकला आणि चूक मान्य करून पुढे गेला, तर त्याचं नुकसान होत नाही. चूक झाकणारा मात्र हमखास उघडा पडतो.

आपल्याकडे शास्त्रार्थाची परंपरा जुनी. पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडायचा आणि मगच त्याचं खंडन करायचं, ही तिची शिस्त. तीच शिस्त इथे सोळा-सतरा वर्षांची मुलं आलेख हातात घेऊन पाळताना दिसतात. आपल्या शाळेत विज्ञानाबद्दल असा वाद घालायला जागाच ठेवलेली नाही.

मर्यादाही आहेत

स्पर्धेतल्या उणिवाही सांगायला हव्यात. पहिली, मदतीची विषमता. एखाद्या संघामागे विद्यापीठाची प्रयोगशाळा उभी असते, दुसऱ्यामागे फक्त एक शिक्षक. दुसरी, भाषा. सगळं इंग्रजीत चालत असल्याने ज्यांना ती सहज येते त्यांना वादात आघाडी मिळते. तिसरी, गुण परीक्षकांच्या मतावर ठरतात आणि मतं वेगळी पडतात. चौथी आणि सर्वांत गंभीर, जुनी उत्तरं. अनेक विषयांवर आधीचे शोधनिबंध असतात. ते वाचून दुसऱ्याचा सिद्धान्त आपला म्हणून मांडण्याचा मोह होतो.

या शेवटच्या दुखण्यावर उपाय स्पर्धेच्या रीतीतच आहे. उसन्या सिद्धान्ताचा बचाव १२ मिनिटं करता येतो, पण प्रतिपक्षाच्या चौथ्या प्रश्नाला तो टिकत नाही. साधनांची विषमता मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. अनेक मोबाइल सेकंदाला २४० चित्रं टिपतात. चित्रफितीतली हालचाल मोजणारं ‘ट्रॅकर’ आणि फोनमधल्या संवेदकांनी कंप, आवाज, प्रकाश मोजणारं जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ फुकट मिळतं. पंधरा वर्षांपूर्वी जे मोजमाप महाविद्यालयातही अवघड होतं, ते आज जिल्हा परिषदेच्या शाळेत होऊ शकतं.

आपल्या प्रयोगशाळेत

बारावीतला माझा एक दिवस मी विसरलेलो नाही. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचं होतं. माझं उत्तर ९.४ आलं. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, ९.८ आण. मी परत मोजलं नाही. उत्तरापासून उलट हिशोब करून रीडिंग बसवली आणि पूर्ण गुण मिळवले. वर्गातल्या बहुतेकांनी तेच केलं. ९.४ का आलं असावं, हा त्या दिवसातला एकमेव वैज्ञानिक प्रश्न होता आणि तो आम्ही खोडरबराने पुसला. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच मोजली होती, हे पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं.

आपल्याकडे काहीच नाही असं मुळीच नाही. मुंबईत १९८१ पासून चालणाऱ्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन असतं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून आपापल्या परिसरातल्या प्रश्नांवर प्रकल्प करून घेते. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी हजारो शिक्षकांचे हात मोकळे केले. उणीव दोन गोष्टींची आहे. एकच प्रश्न वर्षभर धरून ठेवण्याची, आणि त्यावर दुसऱ्या संघाने खुलेपणाने हल्ला करण्याची.

ही उणीव भरायला आंतरराष्ट्रीय स्पर्धेची वाट पाहायला नको. एका शाळेने जूनमध्ये दोन संघ करावेत, प्रत्येकी पाच मुलांचे. दोघांना एकच प्रश्न द्यावा: माठ, धान्याची रास, हंड्याचा सूर, घटिकापात्र, काहीही. मुलांनी एक वही ठेवावी आणि तिच्यात रीडिंग शाईने लिहावं, खोडू नये. दर महिन्याला एका संघाने मांडावं आणि दुसऱ्याने प्रतिपक्ष व्हावं, मराठीतच. शिक्षकांनी उत्तर सांगू नये. त्यांना ते ठाऊक नसेल तर उत्तमच. ठाऊक नाही असं ते वर्गात म्हणाले, तर त्या वर्षीचा तो सर्वांत मोठा धडा ठरेल. डिसेंबरमध्ये दोन शेजारच्या शाळांनी एकमेकींसमोर बसावं. खर्च फार तर काही शे रुपयांचा.

परीक्षा मंडळांकडे माझी एकच मागणी आहे. प्रात्यक्षिकाचे काही गुण उत्तराच्या अचूकतेवरून काढून न जुळणाऱ्या रीडिंगच्या प्रामाणिक कारणमीमांसेला द्या. ९.४ लिहून तिथे का थांबलो हे सांगणाऱ्या मुलाला, ९.८ बसवणाऱ्यापेक्षा जास्त गुण मिळू द्या. एवढा एक बदल झाला, तर बाकीचं मुलं स्वतः करतील.

आणि पालकांना एक विनंती. घरातली एक जुनी स्टीलची वाटी घ्या. बारीक खिळ्याने तिच्या तळाला भोक पाडा, पाण्याच्या बादलीत सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. दहा वेळा मोजा. दहाही आकडे सारखे येणार नाहीत. ते जसे आले तसे मुलीला वहीत लिहू द्या, आणि ते वेगळे का आले, हे तिलाच शोधू द्या.